हार्वर्डचा १९०५ चा हंगाम आणि डोक्याला लागलेला ‘किरकोळ’ मार

४ जानेवारी १९०६ रोजी ‘बॉस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल’ या साप्ताहिकाचा नव्या वर्षाचा पहिला अंक निघाला. हेच नियतकालिक १९२८ पासून ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नावाने निघतं. आम्हा डॉक्टर मंडळींना त्याचा केवढा आधार असतो, ते वेगळं सांगायला नको. तर त्या अंकाच्या पहिल्या पानावर जो लेख होता, तो क्षयावर नव्हता की विषमज्वरावरही नव्हता. तो होता फुटबॉलवर. हार्वर्ड विद्यापीठाच्या संघाची पूर्ण हंगामभर देखभाल करणाऱ्या दोन डॉक्टरांनी, एडवर्ड निकोल्स आणि होमर स्मिथ यांनी, त्या हंगामातल्या सगळ्या दुखापतींचा हिशोब त्यात मांडला होता.

एकूण दुखापती १४५. आणि संपूर्ण हंगामात ज्यात एकाही खेळाडूला कन्कशन, म्हणजे मेंदूला मुका मार लागला नाही, असे सामने फक्त दोन.

डोक्याला मार लागला की आपल्याकडे आजही दोनच प्रश्न विचारले जातात: ‘रक्त आलं का?’ आणि ‘बेशुद्ध पडला का?’ दोन्हींचं उत्तर नाही असं आलं की डोक्यावर बर्फ लावायचा आणि विषय संपवायचा. हे दोन प्रश्न का पुरत नाहीत, ते १२० वर्षांपूर्वीच्या त्या एका हंगामाने फार चांगलं दाखवून दिलं होतं. म्हणून आज आजाराऐवजी थोडा इतिहास.

खेळ कसा होता?

आधी एक खुलासा. हा आपला मेस्सी-रोनाल्डोचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट, अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात धरून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत घुसायचं असतं. १९०५ मध्ये नियम असा होता की तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्या संघाकडे. चेंडू पुढच्या दिशेने फेकायला परवानगी नव्हती. आता तुम्हीच विचार करा, तीन प्रयत्नांत ५ यार्डच हवे असतील आणि चेंडू पुढे फेकता येत नसेल, तर कुठलाही शहाणा संघ काय करेल? सगळे मिळून एकाच ठिकाणी धडक मारतील. तेच होत होतं. चेंडू धरलेल्या खेळाडूला त्याचेच सोबती मागून ढकलायचे, पुढून ओढायचे आणि समोरचे अकरा जण त्या घोळक्यावर तुटून पडायचे. शिट्टी वाजेपर्यंत माणसांचा ढीग झालेला असायचा. त्या ढिगात कोण कुणाला गुद्दे घालतंय, कुणाचा गुडघा कुणाच्या डोक्यात बसतोय, हे पंचाला दिसणं शक्यच नव्हतं. सामना चालायचा ७० मिनिटं. चामड्याची टोपी मिळत असे, पण ती घालायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

आणखी एक नियम होता, वरवर साधा दिसणारा. एकदा बदली खेळाडू आत आला, की बाहेर गेलेल्याला त्या सामन्यात परत येता येत नसे. माझ्या मते डॉक्टरच्या दृष्टीने हा नियम ढकलाढकलीइतकाच वाईट होता. जो खेळाडू वर्षभर एका मोठ्या सामन्यासाठी राबला आहे, तो ‘मला गरगरतंय’ असं स्वतःहून सांगेल कशाला?

हंगाम

हार्वर्डचा प्रशिक्षक होता बिल रीड. हंगाम सुरू झाला तेव्हा वय अवघं २६. त्याला वर्षाला ७००० डॉलर मिळत होते, म्हणजे त्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांपेक्षा जास्त. एवढा पैसा ओतण्याचं कारण एकच, येल विद्यापीठाला हरवायचं. रीड रोजच्या रोज सविस्तर डायरी लिहीत असे. ती १९९४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. प्रशिक्षकाची डायरी म्हणून ती वाचायला घेतली, तरी तिच्यात दुखापतींची काळजी पानोपानी भेटते.

त्या वर्षी वातावरण आधीच तापलेलं होतं. खेळातल्या हाणामारीवर मासिकांतून टीका सुरू होती. खुद्द हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना हा खेळ पसंत नव्हता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे हार्वर्डचेच माजी विद्यार्थी, मर्दानी खेळांचे भोक्ते, आणि त्यांचा थोरला मुलगा त्याच शरद ऋतूत हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघातून खेळत होता. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं आणि हा खेळ नीट खेळा, नियम पाळा, असं बजावलं. हार्वर्डतर्फे दोघे गेले होते: रीड आणि डॉ. निकोल्स. म्हणजे ज्याच्या हातात दुखापतींची वही होती, तो डॉक्टर त्या जेवणाला हजर होता. पाहुण्यांनी परतताना नियम पाळण्याचं लेखी आश्वासन दिलं. त्यानंतर हंगाम पूर्वीसारखाच चालू राहिला.

हार्वर्डने त्या वर्षी ११ सामने खेळले. ८ जिंकले, पेनसिल्व्हेनियाशी हरले, डार्टमथशी बरोबरी झाली. शेवटचा सामना येलशी, २५ नोव्हेंबरला, हार्वर्डच्या स्वतःच्या नव्या काँक्रीट स्टेडियममध्ये. त्याआधीच हार्वर्डचा कर्णधार डॅन हर्ली डोक्याच्या दुखापतीमुळे इस्पितळात पडून होता. मेंदूत रक्ताची गाठ झाल्याचा संशय होता. वर्षभर ज्या सामन्याची वाट पाहिली, तो त्याला खेळता आला नाही.

त्या सामन्यात हार्वर्डचा फ्रान्सिस बर चेंडू झेलण्यासाठी उभा होता. झेल घेत असल्याची रीतसर खूण त्याने केली होती. अशा वेळी त्याला हात लावायचा नसतो. येलचे दोन खेळाडू त्याच्या अंगावर आदळले. नाक फुटलं, तोंडभर रक्त. पंचाने नियमभंग दिला नाही. हार्वर्ड ०–६ असं हरलं आणि ते प्रकरण पुढे रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेलं. त्यांच्या मुलाचंही नाक त्या हंगामात येलच्याच पहिल्या वर्षाच्या संघाविरुद्ध फुटलं होतं.

त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या एका सामन्यात युनियन कॉलेजचा हॅरोल्ड मूर हा खेळाडू डोक्याला मार लागून मेंदूतल्या रक्तस्रावाने दगावला. ‘शिकागो ट्रिब्यून’ने हंगामाचा हिशोब छापला: १८ मृत्यू, १५९ गंभीर जखमी. देशभर गहजब झाला.

या आकड्यांबद्दल मला एक सांगावंसं वाटतं. वर्तमानपत्राची यादी म्हणजे ठिकठिकाणच्या बातम्यांची बेरीज. खेळणारे एकूण किती, कुणाला नेमकं काय झालं, तपासलं कुणी, यातलं काहीच तिच्यातून कळत नाही. हार्वर्डच्या संघात त्या वर्षी एकही मृत्यू झाला नाही, म्हणजे ट्रिब्यूनच्या हिशोबाने तिथलं सगळं आलबेलच म्हणायचं. उलट निकोल्स आणि स्मिथ यांनी एकच संघ, तेच डॉक्टर आणि रोजची तपासणी असा साधा मार्ग धरला. आरडाओरडा झाला मृत्यूंवरून, पण खरी माहिती मिळाली ती या वहीतून.

वहीत काय होतं?

मोडलेली हाडं, निखळलेले खांदे, मुरगळलेले घोटे, दुखावलेले गुडघे हे सगळं होतंच. सांध्यांच्या या दुखापती तरुण वयात बऱ्या झाल्यासारख्या वाटल्या तरी काही कायमच्या राहतील, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. बहुतेक दुखापती मोकळ्या पळापळीत न होता माणसांच्या ढिगात होतात, हेही त्यांना दिसलं. आणि दोष हार्वर्डच्या खेळण्याच्या पद्धतीचा नाही, तो खेळाच्या रचनेतच आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. विद्यापीठाच्या संघाबरोबर राहणाऱ्या डॉक्टरांनी एवढं उघडपणे लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण लेखाचा गाभा आहे कन्कशनबद्दलचा भाग. मार लागलेल्या खेळाडूंचं वागणं एकसारखं नव्हतं. कुणी भलताच उत्तेजित व्हायचा, रडारड करायचा, कुणी नुसता गोंधळल्यासारखा दिसायचा. पूर्ण बेशुद्ध झालेले थोडेच. मात्र प्रत्येकात एक गोष्ट सारखी होती: मार लागण्याच्या आधीचा आणि नंतरचा काही काळ आठवणीतून पुसला गेलेला असायचा. आणि अशा अवस्थेत काही जण खेळतच राहायचे. ठरलेल्या इशाऱ्यावर ठरलेली हालचाल बिनचूक करायचे. बऱ्याच वेळाने सोबत्यांच्या लक्षात यायचं की हा भानावर नाही. खेळाडूंना या दुखापतीचं काहीच वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी तो थट्टेचा विषय होता.

भान नसताना खेळता कसं येतं?

हे समजून घ्यायला मेंदूची थोडी ओळख हवी. मेंदू साधारण १३००–१४०० ग्रॅमचा, खरवसासारखा मऊ अवयव. तो कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात हललं किंवा एकदम थांबलं, की कवटी थांबते पण आतला मेंदू थोडा पुढे-मागे होतो, पिळवटतो. त्यातले बारीक तंतू ताणले जातात. पेशींच्या आत-बाहेरच्या क्षारांचं संतुलन बिघडतं, ते पूर्ववत करायला पेशींना एकदम जास्त ऊर्जा लागते, आणि नेमकी त्याच वेळी ती कमी पडते. हाड मोडलेलं नसतं, रक्त साकळलेलं नसतं, पण काम विस्कळीत झालेलं असतं. म्हणूनच कन्कशनमध्ये सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो. ‘स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे काही झालं नाही’ हा समज इथेच चुकतो. निकोल्स यांच्याकडे तर स्कॅनही नव्हता. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि त्यात दिसायची फक्त हाडं. त्यांच्याजवळ होते डोळे, प्रश्न आणि वही. कन्कशनचं निदान आजही मुख्यतः त्यांच्यावरच होतं.

आता आठवणीचं. हजार वेळा घोटलेल्या हालचाली, म्हणजे सायकल चालवणं, पोहणं, गाडीचे गिअर बदलणं, मेंदूच्या खोल भागांत आणि लहान मेंदूत साठवलेल्या असतात. नवी आठवण तयार करण्याचं काम वेगळ्या भागाचं, हिप्पोकॅम्पसचं. धक्क्याने हा दुसरा भाग काही काळ बंद पडतो, पहिला मात्र चालू राहतो. म्हणून हार्वर्डचा खेळाडू खेळत राहायचा. आणि म्हणूनच स्कूटरवरून घसरलेला माणूस गाडी उचलून स्वतः घरी येतो, हातपाय धुतो, चहा पितो आणि तासाभराने विचारतो, ‘मी घरी आलो कधी?’ ‘अहो डॉक्टर, ते स्वतः गाडी चालवत आले, म्हणजे ठीकच असणार ना?’ असं नातेवाईक मला विचारतात. नाही. त्यावरून काहीच ठरत नाही. त्याऐवजी त्यांना विचारा: पडलात कुठे? त्याआधी कुठे गेला होतात? आज वार कोणता? एकच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत असतील, तर मेंदूला धक्का बसला आहे असं समजा.

तातडीने हॉस्पिटल गाठायचं ते केव्हा? डोकेदुखी वाढत चालली, उलट्या पुन्हा पुन्हा झाल्या, गुंगी येऊ लागली किंवा जागं करणं कठीण जाऊ लागलं, आकडी आली, हातापायातली ताकद कमी झाली, बोलणं अडखळलं, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसू लागल्या, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव आला, तर मुळीच थांबू नका. साठी उलटलेली माणसं आणि रक्त पातळ करण्याची गोळी घेणारे यांनी तर लक्षणं नसली तरी लगेच तपासून घ्यावं. काही वेळा रुग्ण आधी छान बोलतो-चालतो आणि काही तासांनी खालावतो, कारण कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत असतं. १९९८ मध्ये ढाक्यात एका सामन्यात जवळून क्षेत्ररक्षण करताना आपल्या रमण लांबाच्या डोक्याला चेंडू लागला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेला. तीन दिवसांनी तो गेला.

उरलेला प्रश्न

अशा माराचे पुढे, काही वर्षांनी, परिणाम होतात का? निकोल्स आणि स्मिथ यांनी हे मज्जाविकारतज्ज्ञांना विचारलं होतं. प्रत्येकाचं मत वेगळं आलं. आपला स्वतःचा अनुभव यावर काही ठाम सांगण्याइतका नाही, असं दोघांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. लेखातला हा भाग मला सगळ्यात आवडतो.

उत्तर यायला वेळ लागला. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड या शवचिकित्सकांनी मुष्टियोद्ध्यांमधल्या मेंदूच्या विकाराचं वर्णन केलं: अडखळती चाल, थरथर, मंदावलेली बुद्धी. फुटबॉलची पाळी आली ती २००५ मध्ये. डॉ. बेनेट ओमालू यांनी माईक वेबस्टर या व्यावसायिक खेळाडूच्या मेंदूत तशाच प्रकारचा ऱ्हास सापडल्याचं प्रसिद्ध केलं. हार्वर्डच्या वहीनंतर ९९ वर्षांनी. वर्षानुवर्षं डोक्यावर धक्के बसत राहिले, अगदी कन्कशन न होणारे छोटे धक्केसुद्धा, तर असा विकार होऊ शकतो, हे आता मान्य झालं आहे. पण हे वाचून घाबरून जाऊ नका. लहानपणी एकदा झाडावरून पडलेल्या किंवा गेल्या वर्षी गाडीवरून घसरलेल्या माणसाचा धोका आणि या खेळाडूंचा धोका यांत फार मोठा फरक आहे. एकदा झालेलं साधं कन्कशन बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत पूर्ण बरं होतं. मात्र ते बरं होण्याआधी दुसरा मार बसणं वाईट. विशेषतः मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये अशा दुसऱ्या माराने मेंदूला एकाएकी सूज येऊन क्वचित जीवही जातो. म्हणून मी मुलांना सांगतो, पहिले एक-दोन दिवस आराम आणि मोबाईल कमी. मग शाळा, मग चालणं, मग हलकं पळणं. कबड्डी, कुस्ती किंवा गोविंदाचे थर सगळ्यात शेवटी, डॉक्टरने तपासल्यावरच.

हेल्मेटविषयीही नेहमी विचारणा होते. हेल्मेटने कवटी फुटणं टळतं, जीव वाचतो, त्यामुळे दुचाकीवर ते घालायचंच. पण आतल्या मेंदूचं हलणं ते पूर्ण थांबवू शकत नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९३९ पासून हेल्मेट सक्तीचं झालं. कन्कशन तरीही होतच राहिली.

पुढे काय झालं?

डिसेंबर १९०५ मध्ये विद्यापीठांच्या बैठका झाल्या आणि त्यातून जी संघटना उभी राहिली, तीच पुढे एनसीएए म्हणून ओळखली जाऊ लागली. रीडनेही हंगाम संपायच्या आतच, खेळात मूलभूत बदल हवेत, असं जाहीर पत्र लिहिलं होतं. १९०६ साली नियम बदलले. ५ यार्डांऐवजी १० यार्ड, चेंडू पुढे फेकायला परवानगी, दोन संघांमध्ये मोकळी जागा, सामना ६० मिनिटांचा. मैदान रुंद करावं अशीही एक सूचना होती. पण हार्वर्डचं नवं स्टेडियम पडलं काँक्रीटचं, ते रुंद होणार कसं? चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, त्यात या अडचणीचाही वाटा होता.

निकोल्स यांनी वही बंद केली नाही. १९०९ मध्ये फ्रँक रिचर्डसन यांच्यासह त्यांनी नव्या नियमांच्या तीन हंगामांचा हिशोब प्रसिद्ध केला. दुखापती कमी झाल्या होत्या. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला, हार्वर्डशीच खेळताना, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा युजीन बर्न मानेला जबर मार लागून मरण पावला. १९१० मध्ये नियम पुन्हा बदलले. चेंडूधारकाला सोबत्यांनी ढकलणं-ओढणं बंद झालं आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला पुढच्या सत्राच्या सुरुवातीला परत येण्याची सोय झाली.

क्रिकेटला अशाच एका अडचणीवर तोडगा काढायला २०१९ साल उजाडलं. तोपर्यंत डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी आलेला माणूस फक्त क्षेत्ररक्षण करू शकत होता. फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही. म्हणजे बाहेर बसायचं तर आपला संघ एकाने कमी. त्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो बाहेर गेला, तपासणी झाली, थोड्या वेळाने परत येऊन फलंदाजीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तो डोकेदुखी आणि सुस्ती घेऊनच. डॉक्टरांनी त्याला सामन्यातून काढलं आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन फलंदाजीला उतरला. कसोटी क्रिकेटमधला हा पहिला कन्कशन-बदली खेळाडू.